देवमाशाचें कारंजें

आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलींत पूर्वेकडील भिंतीवर एक जुना तक्ता टांगलेला आहे, तो तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. त्यांत समुद्राच्या पृष्ठभागावर एक देवमासा डोकें वर काढून पडलेला असून त्याच्या मस्तकांतून, बागेंतील कारंज्याप्रमाणें, पाण्याची धार उंच उडून दोहों बाजूंस वांकून खालीं पडत आहे असें दाखविलें आहे. या तक्त्यापुढें उभें राहून आम्हीं अनेक वर्षें मुलांस सांगितलें कीं, देवमासा भक्ष्याबरोबर तोंडांत आलेलें पाणी नाकावाटे बाहेर फेंकतो. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांतील एका मुलानें उभें राहून विचारिलें, "सर, तो आपल्यासारखी हवा घेतो असें आपणच काल सांगितलें. मग त्याच्या नाकांत पाणी कसें? आमचे बाबा म्हणतात, तें पाणी नसतें, वाफ असते." मुलगा कोळीवाड्यांतला होता; वडील मासेमारीच्या बोटीवर जात. आम्हीं तक्त्याकडे बोट दाखविलें आणि त्यास खालीं बसविलें. तो बसला. त्यानंतर त्या तासाला त्यानें पुन्हा कधीं प्रश्न विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

त्या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत मिळालें, आणि तेंही पुस्तकांत नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलास्का येथील एका खाडींत. तें कसें मिळालें हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आमचे मेहुणे नोकरीनिमित्त सिॲटल शहरीं राहतात. त्यांनीं आम्हां उभयतांस बोलावून घेतलें आणि एका मोठ्या प्रवासी जहाजावरील सात दिवसांच्या सफरीचीं तिकिटें काढून ठेविलीं. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, हाही बरोबर होता. जहाजाचें वर्णन करीत बसत नाहीं. तें एक तरंगतें गांव असतें आणि त्यांत माणसें दिवसभर खात असतात, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. आमच्या मेजावर वाढणारा तरुण मात्र गोव्यांतील सासष्टीचा निघाला आणि त्यानें आमच्याशीं कोंकणींत दोन शब्द बोलतांच घरापासून इतके दूर आल्याचें दुःख निम्में कमी झालें.

सिॲटलहून उत्तरेकडे जाणाऱ्या जलमार्गास तिकडे अंतर्मार्ग म्हणतात. एका बाजूस मुख्य भूमि व दुसऱ्या बाजूस शेंकडों बेटें, यांच्यामधून तो जातो. हीं बेटें म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथेच होत. हिमनद्यांनीं कोरून काढिलेल्या खोल दऱ्यांत समुद्र शिरला, तेव्हां हे अरुंद व खोल जलमार्ग झाले. याच मार्गावर ज्यूनो हें बंदर आहे. १८८० सालीं येथें सोनें सांपडलें व गांव वसलें. आज तें अलास्काच्या राजधानीचें शहर आहे. त्याची वस्ती अवघी सुमारें ३२ हजार. राजधानी असूनही बाहेरून तेथें जाणारी एकही सडक नाहीं. बोटीनें जावें अथवा विमानानें. उन्हाळ्यांत मात्र या लहानशा शहरांत प्रवासी जहाजांची इतकी दाटी होऊं लागली कीं, २०२४ पासून एका दिवशीं पांचांहून अधिक मोठीं जहाजें येऊं नयेत असें ठरविण्यांत आलें. आम्ही गेलों त्या दिवशीं चार होतीं. डोंगराच्या पायथ्याशीं उभीं असलेलीं तीं जहाजें पुढच्या घरांहून कितीतरी उंच दिसत होतीं.

बंदरांत आमचें जहाज सकाळीं सातांस लागलें आणि दुपारीं साडेतीनपर्यंत सर्वांनीं परत यावें अशी ताकीद होती. येथें व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवितों. देवमासे पाहण्याची सहल जहाजाच्या कचेरींतून घेतली, तर परत येण्यास उशीर झाला तरी जहाज त्या मंडळीसाठीं थांबतें. बाहेरच्या बोटवाल्याकडून घेतली, तर थोडे पैसे वांचतात, परंतु जहाज कोणाची वाट पाहत नाहीं. आमच्या मेहुण्यांनीं पैसे वांचविले होते. दर माणशीं दीडशें ते दोनशें डॉलर हा तिकडील भाव ऐकून आम्हांसही वांचविणेंच योग्य वाटलें, हें खोटें कशाला बोला.

सकाळीं न्याहारीच्या वेळीं भाच्यानें विचारिलें, "मामा, देवमासा कारंजें कशानें उडवितो?" आम्हीं तक्त्यावरील उत्तर त्यास विनासंकोच देऊन टाकिलें.

अकराच्या सुमारास मोटारीनें ऑक बे या लहान बंदरीं गेलों. शहरापासून हें अंतर सुमारें वीस किलोमीटर आहे. तेथें चाळीसएक माणसें बसतील अशी ॲल्युमिनियमची एक बोट उभी होती. बुरबूर पाऊस पडत होता. कोंकणांतील माणसानें त्यास पाऊस म्हणूं नये असा तो होता. पण थंडी अशी कीं मे महिना असूनही स्वेटर व त्यावर कोट घालून आम्ही कुडकुडत होतों. बोटीवर एक मार्गदर्शिका होती. प्राणिशास्त्र शिकलेल्या तिशीच्या आंतील या बाईंनीं प्रथम दिशा सांगण्याची रीत शिकविली. बोट म्हणजे घड्याळ समजावें. नाळेची दिशा बारा, उजवी बाजू तीन, मागील बाजू सहा, डावी नऊ. कोणास कांहीं दिसलें कीं त्यानें आंकडा ओरडावा. ही युक्ति वर्गाच्या सहलींत फार उपयोगी पडेल असें वाटून आम्हीं ती टिपून ठेविली.

अर्ध्या तासांत कोणीतरी "दहा! दहा!" असें ओरडलें. आम्हीं डावीकडे पुढें पाहिलें. काळसर पाण्यावर पांढऱ्या धुराचा एक लोळ उभा राहिला, क्षणभर तसाच टिकला आणि वाऱ्यानें हळूहळू एका बाजूस सरकून विरून गेला. आवाज मागाहून आला. आगगाडीच्या इंजिनानें वाफ सोडावी तसा. पाण्याची धार मुळींच नव्हती. धार वर जाऊन खालीं पडते. हा लोळ खालीं पडलाच नाहीं.

बाईंनीं सर्वांस विचारिलें, "हें काय होतें?" पुढच्या बाकावरील सातआठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "श्वास." आमच्या भाच्यानें मान वळवून आमच्याकडे पाहिलें. तो बोलला कांहींच नाहीं, हें त्याच्या आईबापांच्या शिकवणीस भूषणावह आहे.

आतां धडा नीट सांगतों. पूर्वीं चुकीचा सांगितला होता, त्याची ही दुरुस्ती समजा. आपल्या भाषेंत या प्राण्यास देवमासा म्हणतात आणि संस्कृतांत तिमिंगिल म्हणजे तिमि नांवाच्या मोठ्या माशासही गिळणारा असें म्हटलें आहे. दोन्ही नांवांनीं आपली समजूत मत्स्याकडे वळते. वास्तविक हा सस्तन प्राणी आहे. त्याचें रक्त उष्ण, पिलूं पोटांत वाढतें, जन्मल्यावर आईचें दूध पितें, आणि श्वासासाठीं त्यास फुफ्फुसें आहेत, कल्ले नाहींत. शेपूट पाहिलें तरी भेद कळतो. माशाचें शेपूट उभें असतें व डावीउजवीकडे हलतें. देवमाशाचें आडवें असतें व खालींवर हलतें. आमच्यासमोर होता त्या जातीस इंग्रजींत हंपबॅक म्हणतात, कारण बुडी मारतांना त्याच्या पाठीस बाक येतो. पूर्ण वाढलेल्याची लांबी चाळीस ते पन्नास फूट, वजन तीसचाळीस टन, आणि बाजूचे दोन पंख इतके लांब कीं एकेक पंख शरीराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका भरतो.

त्याचें नाक मस्तकावर असतें व त्यास दोन छिद्रें असतात. पाण्याखालीं तीं घट्ट मिटलेलीं असतात. प्राणी वर आला कीं आंत कोंडलेली हवा तो अत्यंत जोरानें बाहेर टाकतो. आपण एका श्वासांत फुफ्फुसांतील हवेपैकीं शेंकडा दहापंधरा भागच बदलतों. देवमासा शेंकडा ऐशींहून अधिक बदलतो. ही हवा उष्ण व दमट असते. बाहेर पडतांच ती एकदम प्रसरण पावते व थंड होते, तिच्यांतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात; नाकावर सांचलेलें थोडें समुद्राचें पाणी व आंतील चिकट द्रवाचे कणही त्यांत उडतात. म्हणून लोळ पांढरा दिसतो. हिवाळ्याच्या सकाळीं तुमच्या तोंडांतून वाफ निघते ना, तीच ही क्रिया, दहा फूट उंचीची.

मग तोंडांत आलेलें पाणी जातें कोठें? तोंडावाटेच. या जातीस दांत नसतात. वरच्या जबड्यास दोहों बाजूंस प्रत्येकीं २७० ते ४०० पट्ट्या एकीशेजारीं एक लटकत असतात. आपलीं नखें ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात त्याच द्रव्याच्या त्या असून आंतील कडेस केसाळ असतात. लहान मासे अथवा कोळंबीसारखे किडे यांच्या थव्यांत तोंड उघडून प्राणी घुसतो. गळ्याखालच्या चुण्या उलगडून मोठी पखाल भरावी तसें तोंड भरतें. मग तोंड मिटून, जिभेनें रेटून, तो पाणी त्या पट्ट्यांमधून बाहेर काढितो. पाणी गाळणींतून जातें, मासे आंत राहतात. नाकाचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. अवाढव्य तोंड असूनही घसा मात्र माणूस गिळण्याइतका रुंद नसतो. रविवारच्या शाळेंतील मुलें येथें योनाविषयीं विचारतील. मूळ इब्री ग्रंथांत 'मोठा मासा' एवढेंच आहे, जात सांगितलेली नाहीं. आणि चमत्काराचा हिशेब घशाच्या मापानें करावा कीं नाहीं, हा निराळ्या तासाचा विषय आहे.

पाहिलेला प्राणी एकटा नव्हता. मोठ्या लोळाशेजारीं थोड्या वेळानें एक लहान लोळ उठला. मादी व तिचें पिलूं होतें. बाईंनीं सांगितलें कीं, हें पिलूं त्याच हिवाळ्यांत हवाई बेटांजवळच्या उबदार समुद्रांत जन्मलें असावें. येथील बहुतेक देवमासे हिवाळा तिकडे काढतात. तेथें माद्या वितात, नर गातात. त्यांच्या गाण्याचा शास्त्रीय अभ्यास रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केला. परंतु तेथें त्यांना खाण्यास जवळजवळ कांहीं मिळत नाहीं. सुमारें पांच हजार किलोमीटर पोहून, पांचसहा आठवड्यांनीं तीं येथें येतात, तेव्हां मादी कित्येक महिन्यांची उपाशी असते आणि त्या अवस्थेंत पिलाला दूध पाजीत आलेली असते. ही गोष्ट ऐकल्यावर बोटीवर थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या पत्नीनें शाल डोक्यावरून घेतली व ती त्या दोघांकडे पाहत राहिली.

ही शांतता फार वेळ टिकली नाहीं. नावाड्यानें बोट दूर उभी करून इंजिन संथ केलें होतें. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें अलास्कांत २००१ सालापासून हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या आंत बोट नेण्यास मनाई आहे. मागील बाकांवरून कुरकुर सुरू झाली. एक गृहस्थ उघडपणें म्हणाले कीं, आम्ही एवढे पैसे पाठीचा ठिपका पाहण्यास दिले नाहींत. खरें सांगावयाचें तर मनांतून आम्हांसही थोडें पुढें जावें असेंच वाटत होतें. नावाडी हलला नाहीं. आजूबाजूस पाहिलें तों त्या एका मादीभोंवतीं आमच्यासारख्या सात बोटी उभ्या होत्या. प्रत्येक बोटीनें "थोडें" पुढें जावयाचें ठरविलें असतें, तर त्या उपाशी मादीनें मासे कधीं पकडावे? २०२० सालीं साथीच्या रोगामुळें ज्यूनोस एकही मोठें प्रवासी जहाज आलें नव्हतें. त्या शांत उन्हाळ्याचा उपयोग करून, बोटींच्या गर्दीनें या प्राण्यांवर काय परिणाम होतो याची तुलना करण्याचें काम तेथील शास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें.

मादीनें तीनचार श्वास घेतले, पाठ वांकविली, आणि शेपूट सावकाश वर उचलून सरळ खालीं गेली. शेपटाच्या खालच्या बाजूस काळे-पांढरे डाग स्पष्ट दिसले. हे डाग आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक प्राण्याचे निराळे असतात. ज्यूनोच्या लोकांना त्यांवरून कित्येक देवमासे नांवानें ठाऊक आहेत. शेपटावर ज्वालेसारखी आकृति असलेल्या एका मादीस ते फ्लेम म्हणतात. आम्हां शिक्षकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, शेपटांचीं छायाचित्रें घेऊन एकेक प्राणी ओळखण्याचें काम या भागांत प्रथम ज्यांनीं केलें, ते चार्ल्स जुराझ हे ज्यूनो येथें हायस्कुलांत विज्ञान शिकवीत असत. पत्नी व्हर्जिनिया हिच्यासह त्यांनीं सुट्ट्यांमागून सुट्ट्या लहानशा बोटींत काढिल्या आणि हे प्राणी भक्ष्य कसें पकडतात याचें वर्णन १९७९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील बुडबुड्यांच्या जाळ्याची रीत फार विलक्षण आहे. कांहीं देवमासे मिळून हेरिंग माशांच्या थव्याखालीं जातात, एक जण वर्तुळाकार फिरत बुडबुडे सोडितो, मासे त्या बुडबुड्यांच्या भिंतीस भिऊन मध्यें गोळा होतात, आणि मग सर्व जण एकदम तोंडें उघडून खालून वर येतात. आपल्याकडे रापण ओढणाऱ्यांनीं ही रीत पाहिली असती तर त्यांस ती परकी वाटली नसती. आम्हांस ती दिसली नाहीं. ती पाहावयाची तर ऐन उन्हाळ्यांत जावें.

सहा मिनिटें गेलीं, आठ गेलीं. सर्वांचे डोळे दूरवर लागले होते. इतक्यांत बोटीच्या अगदीं जवळ, "तीन"च्या बाजूस, फुस्स असा प्रचंड आवाज झाला आणि मादी वर आली. शंभर यार्डांचा कायदा बोटीस लागू. देवमाशास तो कोणी सांगितलेला नव्हता. नावाड्यानें इंजिनाचा दांडा सोडून दोन्ही हात वर केले. तिचीं नाकपुडीं उघडतांना व मिटतांना आम्हीं स्वच्छ पाहिलीं. श्वासाचा तो ढग वाऱ्याबरोबर आमच्या अंगावरून गेला. चष्म्याच्या कांचा धुरकट झाल्या आणि तोंडावर बारीक ओल बसली. मग वास आला. सुकत टाकलेल्या मासळीचा, कोबी कुजल्याचा व आणखी कशाकशाचा मिळून तो वास होता. मघांचे कुरकुरणारे गृहस्थ प्रथम आंत पळाले. आम्ही चष्मा न पुसतां उभे राहिलों. पंधरा वर्षांपूर्वीं वर्गांत उभा राहिलेला तो मुलगा त्या वेळीं आमच्या डोळ्यांपुढें आला.

अर्धा तास होतांच बोट वळली. एका प्राण्याजवळ त्याहून अधिक थांबूं नये असा तिकडे संकेत आहे. वाटेंत १९०२ सालीं सुरू झालेलें सेंटिनल बेटावरील दीपगृह लागलें, आणि एका तरंगत्या खुणेच्या पिंपावर पांच सीलायन एकमेकांस ढकलीत बसलेले दिसले. आपल्याकडील लोकल गाडीचा दरवाजा तो असाच.

परत येतांना बाईंनीं जें सांगितलें तें सर्व सुखाचें नव्हतें. एकेकाळीं याच जलमार्गांत यांची शिकार होत असे. १९०७ सालीं ॲडमिरल्टी बेटाच्या दक्षिण टोकास टायी येथें त्यासाठीं कारखाना निघाला होता. १९६६ सालीं हंपबॅकच्या शिकारीस बंदी झाली, तेव्हां सबंध उत्तर पॅसिफिकमध्यें ते हजारदीड हजारच उरले असावेत. बंदीनंतर ते वाढले. २०१२ सालीं त्यांची संख्या सुमारें ३३ हजारांवर गेली. पुढें २०१४ ते २०१६ या काळांत समुद्राचें पाणी अतिशय तापलें, खाद्य कमी झालें, आणि २०२१ सालीं गणती सुमारें २६ हजार ६०० वर आली. ही गणती कशी झाली? शेपटांच्या छायाचित्रांवरून, आणि त्यांतील पुष्कळ छायाचित्रें साध्या प्रवाशांनीं पाठविलेलीं होतीं. आमच्या भाच्यानें काढलेलें चित्र त्यानें त्याच रात्रीं हॅपीव्हेल या संस्थेकडे पाठविलें. कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें कीं, ही मादी त्यापूर्वींच्या हिवाळ्यांत हवाईजवळ दिसली होती.

आपल्या समुद्राचें काय, असें तुम्ही विचाराल. अरबी समुद्रांतही हंपबॅक आहेत, आणि ते जगांतील इतर हंपबॅकसारखे ऋतूंप्रमाणें दूरचा प्रवास करीत नाहींत. बारा महिने येथेंच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आंत आहे. निळे देवमासेही आपल्या किनाऱ्यावरून जातात. २०१५ सालच्या जून महिन्यांत अलिबागेजवळ रेवदंड्यास एक निळा देवमासा जिवंत किनाऱ्यास लागला होता. तो वांचला नाहीं.

ऑक बेहून निघालों तों वाटेंत एक मोटार बंद पडून सडक अडली. आमची गाडी उभीच. पत्नीनें मनगटावरील घड्याळ पाहिलें. त्यांत चार वाजून पांच मिनिटें झालीं होतीं. तिच्या तोंडचें पाणी पळालें. मेहुणे तर पैसे वांचविल्याबद्दल स्वतःस दोष देऊं लागले. तेव्हां भाच्यानें शांतपणें सांगितलें, "आत्याबाई, तुमचें घड्याळ सिॲटलचें आहे." सिॲटलहून आम्ही सुमारें बारा रेखांश पश्चिमेस आलों होतों, दर अंशास चार मिनिटें या हिशेबानें अट्ठेचाळीस मिनिटें, व व्यवहारांत एक तास, घड्याळ मागें घ्यावयाचें होतें. हा धडा आम्ही दरसाल शिकवितों. तीन वाजून वीस मिनिटांनीं आम्ही जहाजाच्या शिडीवर पाय ठेविला.

जून महिन्यांत शाळा उघडल्यावर जुन्या रजिस्टरांतून त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधून आम्हीं त्यास पत्र घातलें. आपण त्या दिवशीं बरोबर होता व आम्ही चुकलों होतों, असें त्यांत लिहिलें आणि वाफेची सारी मीमांसा दिली. विज्ञानाच्या खोलींतील तक्ता आम्हीं काढला नाहीं; कारंज्यावर तेवढी एक कोऱ्या कागदाची पट्टी चिकटविली आहे, आणि सातवीच्या मुलांनीं त्यावर काय काढावें तें ठरवावयाचें आहे.

पत्राचें उत्तर दोन महिन्यांनीं आलें. तें त्याच्या वडिलांचें, पेन्सिलीनें लिहिलेलें. मुलगा आतां परदेशीं एका तेलवाहू जहाजावर असून पत्रांतील मजकूर त्यास फोनवरून वाचून दाखविला, तो फार वेळ हंसला, असें त्यांत होतें. खालीं एक ओळ अधिक होती: गुरुजींनीं सर्व लिहिलें, पण वाफेला वास येतो तें लिहिलें नाहीं.